चुलीवर वाळलेला कॅमेरा

मारुंजीतल्या 'ज्ञानदा फोटो स्टुडिओ'त पासपोर्टचा फोटो काढायला बसलेलं गिऱ्हाईक हमखास एकदा नाक वर करून इकडंतिकडं बघतं. कुठं काही जळतंय की काय, अशी त्याला शंका येते. चंद्रकांत कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणतो, "काही जळत नाही. हनुवटी जरा खाली घ्या." वास कॅमेऱ्यालाच येतो. चुलीच्या धुराचा, आणि नाक तिखट असेल तर किंचित सुकटीचाही. पुण्यातल्या दुरुस्तीवाल्यानं एकदा साफ करायला तो उघडला आणि फोन करून विचारलं, "साहेब, तुम्ही यानं फोटो काढता की याच्यावर भाकऱ्या भाजता?" चंद्रकांतनं त्याला एवढंच सांगितलं, की बाकी काय ते करा, वास तेवढा राहू द्या.

गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. शेजारच्या नेरे गावातलं वडिलांचं वावर इमारतींखाली गेलं. वाट्याला आलेल्या पैशातून भावांनी गाड्या घेतल्या, चंद्रकांतनं कॅमेरा घेतला. तोही कुणीतरी वापरलेला. एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरनं मोर्चे आणि सभा यांत दहा ठिकाणी आपटलेला, पण अस्सल धंद्याचा, काळा, दणकट, लेन्ससकट अडीच किलोचा डीएसएलआर. भावांनी त्याला वेड्यात काढलं. बायको शारदा तेवढी म्हणाली, "घेतलाय ना? मग आता चालवून दाखवा."

चालवून दाखवायच्या पहिल्याच महिन्यात, ऐन मे महिन्यात, मुळशी धरणाच्या पलीकडं डोंगरात उंबरवाडीला एका लग्नाचं काम मिळालं. आठ घरांची वाडी. गाडीरस्ता संपला की पाऊण तास चालायचं, मधे एक ओढा. जाताना ओढ्यात नुसते दगडगोटे होते. लग्न लागलं, पंगती उठल्या, चंद्रकांत परतीला निघाला तोवर वर डोंगरात कुठंतरी वळीव पडून गेला होता आणि ओढ्याला तांबडं पाणी आलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस तासभर काठावर बसतो. चंद्रकांत बसला नाही. मधोमध पाय घसरला, खांद्यावरची बॅग सुटली आणि बॅगेमागं तोही गेला.

काठावर एक बाई सरपणाची मोळी बांधत होती. तिनं मोळी सोडून दिली, तोच दोर फेकून आधी माणूस बाहेर ओढला आणि मग खालच्या अंगाला पळत जाऊन झुडपात अडकलेली बॅग काढून आणली. ही गंगू. नवरा नाही, पदरात नऊ वर्षांची पोर, पोट हिरडा वेचण्यावर आणि दुसऱ्याच्या खाचरातल्या मजुरीवर.

गंगूनं त्याला घरी नेलं, चुलीपुढं बसवलं, अंगावर गोधडी टाकली आणि कोरा चहा दिला. चंद्रकांतनं लेन्स काढली, बॅटरी काढली, कार्ड काढलं. कॅमेरा उलटा केला तर आतून पाणी गळालं. त्यापुढं त्याला काही सुचेना. थंडीनं म्हणा, दुःखानं म्हणा, तिथंच त्याला ग्लानी आली. डोळे उघडले तेव्हा कॅमेरा जागेवर नव्हता. चुलीच्या वर छताला बांबूची ताटी टांगलेली होती. तिच्यावर बियाण्याची गाडगी होती, मिरच्या होत्या, सुकटीची टोपली होती आणि टोपलीला टेकून, होती नव्हती ती सगळी झाकणं उघडी टाकलेला कॅमेरा होता. खालून ओल्या सरपणाचा धूर थेट त्याच्या पोटात जात होता.

"अहो बाई!" चंद्रकांत ओरडला. "कॅमेरा आहे तो! सुकट नव्हे!"

"वल्लं झालंय नव्हं?" गंगू भाकरी थापता थापता म्हणाली. "मंग सुकाया नको? आमच्यात समदं तितंच सुकतंय."

यात तिची काही चूक म्हणता येणार नाही. उंबरवाडीत बियाणं, काडेपेटी, पोरांच्या वह्या, भिजलेलं रेशनकार्ड, जे ओलं होईल ते चुलीवर चढतं आणि कोरडं होऊन खाली येतं. कॅमेऱ्याला धूर आणि आच हे विषच, हे तिला कोण सांगणार? चंद्रकांतनं मनाशी म्हटलं, मेलेलंच आहे, आता जळलं काय आणि धुरावलं काय. "तीन दिस हात लावू नगा," गंगूनं बजावलं, आणि तो कॅमेरा तिथंच टाकून रिकाम्या बॅगेनं घरी गेला.

चौथ्या दिवशी तो आला तो मयताला आल्यासारखाच. बॅटरी घातली, बटण दाबलं, आणि वरच्या इवल्या पडद्यावर आकडे उमटले. चंद्रकांत तिथंच चुलीपुढं ढसाढसा रडला. छोटी पल्लवी आईच्या आडून बघत होती. एवढा मोठा बाप्या का रडतोय हे तिला कळेना.

त्या कॅमेऱ्यानं पुढं घर चालवलं. दुकान झालं, लेकीचं, ज्ञानदाचं, इंजिनिअरिंग झालं, तिला हिंजवडीत नोकरी लागली. हे सगळं त्या बांबूच्या ताटीवरून खाली आलं, असं चंद्रकांत उघड बोलून दाखवतो. लोक हसतात. त्याला त्याचं काही वाटत नाही.

त्या दिवशी डोळे पुसून तो म्हणाला होता, "गंगूताई, बसा. पहिला फोटो तुमचा." तर तिनं पदर असा काही तोंडावर ओढला आणि भिंतीकडं अशी तोंड करून बसली, की चंद्रकांत चपापला. मग कळलं. तिच्या नवऱ्याचा, बुधाचा, जन्मात एकदाच फोटो निघाला. मतदानाच्या कार्डासाठी शाळेत माणसं आली होती तेव्हा. महिना भरायच्या आत त्याला रानात साप डसला. "फोटूत मानूस घावला की म्हयन्यात जातंय," गंगू म्हणाली. आधार कार्डाच्या वेळी तिचा नाइलाज झाला, पण ऐन वेळी तिनं मान अशी फिरवली, की कार्डावर पदर आणि नाक एवढंच आलं. तेवढ्यामुळंच आपण वाचलो, असं ती आजही सांगते.

चंद्रकांतनं वाद घातला नाही. दरवर्षी दिवाळी झाली की तो उंबरवाडीला जायचा. शारदानं दिलेला फराळ न्यायचा, येताना गंगू नाचणी बांधून द्यायची. कॅमेरा बरोबर असायचाच, तिच्या घरी त्याला न नेणं त्याला बरं वाटत नसे. पल्लवीचे फोटो त्यानं दर वर्षी काढले. पण गंगूकडं त्यानं कॅमेऱ्याचं तोंड एकदाही वळवलं नाही. ती त्याला दादा म्हणू लागली, पल्लवी मामा म्हणू लागली.

*

गेल्या पावसाळ्यात चंद्रकांतची मान धरली. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घातला आणि सांगितलं, गळ्यात वजन अडकवणं बंद. ज्ञानदानं लगेच एक नवा कॅमेरा आणून टेबलावर ठेवला. "बाबा, ब्रिज कॅमेरा आहे. लेन्स बदलायची कटकट नाही. एकच लेन्स, ऐंशी पट झूम. आणि वजन बघा, अर्ध्याहून कमी!"

चंद्रकांतनं तो हातात घेतला आणि नव्या जावयाकडं सासऱ्यानं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं. प्लॅस्टिक. दाबलं की घरघर करत लांबच लांब नळी बाहेर येणार. डोळा लावून बघावं तर आत खरं दृश्य नाहीच, छोटा टीव्ही. नेऱ्याच्या माळावर तो दोन्ही कॅमेरे घेऊन गेला. वरून घार चालली होती. जुन्यानं एका झटक्यात पकडली, पिसन् पीस मोजून घ्यावं अशी. नव्याच्या टीव्हीत घार दिसेपर्यंत खरी घार माण गावाच्या दिशेला निघून गेली होती. दुकानात दिवे कमी करून शारदाचा फोटो काढला. जुन्यात शारदा आली, नव्यात तिच्या गालावर रवा सांडल्यासारखे दाणे आले. शारदानं तो फोटो बघून नव्या कॅमेऱ्याशी दोन दिवस अबोला धरला.

पण एक गोष्ट चंद्रकांतला कबूल करावी लागली. लांबचं बघण्यात नव्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गच्चीवरून त्यानं चंद्रावरचे खड्डे टिपले. मग समोरच्या सोसायटीच्या अठराव्या मजल्यावर नळी वळवली, तर एक गृहस्थ बनियनवर बसून पोहे खात होते आणि पोह्यातला शेंगदाणा वेगळा काढून ठेवत होते. चंद्रकांत हरखून गेला. त्यानं शारदाला हाक मारली.

शारदानं बघितलं आणि कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला. "काय हो, लोकांच्या घरात काय डोकावताय? त्यांनी बोलावलंय का तुम्हाला?"

चंद्रकांत ओशाळला. जुन्या कॅमेऱ्यानं असलं कधी करताच आलं नव्हतं. त्याची आवडती लेन्स अशी, की माणसाचा चेहरा हवा तर पाच पावलांवर जाऊन उभं राहायला लागायचं. पाच पावलांवर गेलं की बोलावं लागतं, बस म्हणावं लागतं, घरचं विचारावं लागतं. लोक त्याच्या फोटोत मोकळे दिसतात ते याचमुळं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

*

दिवाळीच्या आधी पल्लवी दुकानात आली. ती आता नर्स झाली होती आणि मस्कतच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली होती. दोन वर्षं परत येता येणार नव्हतं. पेढे दिले, पाया पडली, आणि मग स्टुलावर बसून राहिली.

"मामा, होस्टेलच्या पोरी मोबाईलच्या पडद्यावर आईचा फोटो ठेवतात. माझ्याकडं आईचं नुसतं नाक आहे."

चंद्रकांत हसला. पल्लवी हसली नाही.

"मोबाईल धरला तरी पदर ओढते. व्हिडिओ कॉलचं तर नावच नको, वाडीत रेंजच नाही. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. कार्डावरचा आठवतो तेवढाच. दोन वर्षांत आईचाही असाच गेला तर?"

टेबलावर नवा कॅमेरा पडला होता. पल्लवीनं तो काय आहे विचारलं, त्यानं सांगितलं, आणि सांगता सांगता सवयीनं रस्त्यापलीकडच्या टेम्पोवरचा बारीक अक्षरातला फोन नंबर तिला वाचून दाखवला. पल्लवीनं कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला.

"मग ओढ्याच्या अल्याडच्या टेकाडावरून आमचं अंगण दिसंल की," ती हळूच म्हणाली. "आईला कळणार पण नाही."

चंद्रकांतला शारदाचं बोलणं आठवलं. पण समोर ही पोर होती. नऊ वर्षांची असल्यापासून तिला त्यानं बघितलं होतं. "बघू," तो म्हणाला.

*

भाऊबीज होऊन गेली. पल्लवीचं विमान रविवारी होतं. गुरुवारी सकाळी चंद्रकांतनं गाडीरस्त्याच्या टोकाला मोटरसायकल लावली आणि डोंगर चढायला लागला. पाठीवरच्या पिशवीत जुना कॅमेरा होता. वजन नको म्हणून सांगितलं असताना तो का घेतला, हे शारदानंही विचारलं नाही. गळ्यात पट्टा, हातात नवा. ओढ्याच्या अलीकडं टेकाडावर एका दगडाआड तो बसला. समोर, चांगल्या चारशे पावलांवर, गंगूचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं. त्यानं झूम दाबलं आणि अंगण चालत जवळ आलं.

गंगू नाचणी पाखडत होती. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. चौदा वर्षांत चंद्रकांतनं तिचे केस कधी बघितले नव्हते, ते कानापाशी पांढरे झाले होते. एक कोंबडी सुपापाशी घुटमळत होती. गंगू तिला काहीतरी बोलत होती, रागवत असावी. कोंबडीनं मान तिरकी करून ऐकून घेतलं आणि सुपातच उडी मारली. गंगू मान मागं टाकून हसली. सगळे दात, कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या. चंद्रकांतनं बटण दाबलं.

फोटो निघाला. असा त्यानं जन्मात काढला नव्हता. त्याला उठून नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात गंगूनं सूप खाली ठेवलं. पल्लवी कागदपत्रांच्या कामाला पुण्याला गेली होती, दारात तिची नवी बॅग भरून ठेवली होती. गंगू तिच्यापाशी गेली, इकडंतिकडं बघितलं, चेन उघडून पल्लवीची एक ओढणी बाहेर काढली आणि तोंडाला लावून खाली बसली. तिचे खांदे हलू लागले. चंद्रकांतचं बोट बटणावरच होतं. तिनं इकडंतिकडं बघितलं होतं, कुणी नाही याची खात्री केली होती, आणि त्यानंतर ती रडायला बसली होती. चंद्रकांतनं कॅमेरा डोळ्यापासून काढला. समोर पुन्हा काडेपेटीएवढं घर होतं.

आता सोपी वाट अशी, की तसंच मागं फिरायचं, हसऱ्या फोटोची मोठी फ्रेम करायची, पोर खूश. गंगूला कधी कळणारही नव्हतं. पण ज्या बाईनं आपल्याला ओढ्यातून काढलं तिच्याकडं दगडाआडून बघत बसलोय, याची चंद्रकांतला मनापासून लाज वाटली. सांगावं तर ती फोटो पुसायला लावणार, कदाचित दारही कायमचं बंद करणार. पल्लवीकडं पुन्हा नुसतं नाकच राहणार. शेवटी तो उठला आणि ओढा उतरला.

त्यानं खाकरून हाक दिली तोवर गंगूनं डोळे पुसले होते, पदर डोक्यावर घेतला होता. चहा झाल्यावर चंद्रकांतनं सांगून टाकलं. तिच्या घरात त्याची नेऱ्याची बोली आपोआप परत यायची. "गंगूताई, मी चुकलो. पल्याड टेकाडावर बसून तुमचा फोटू काढला. न इचारता."

गंगूच्या हातातली कपबशी थांबली. "चोरून?"

"व्हय."

"चौदा वर्सं ह्या घरात आलात, कदी माज्याकडं त्यो उचलला न्हाई. म्हून दादा म्हनत व्हते मी." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं ते जास्त लागलं. "आनि मागनं काय बगितलं?"

"वढनी."

"त्यो बी काढला?"

"न्हाई. त्यो न्हाई काढला. हसत व्हता तेवडाच हाय. तुमच्या देखत पुसतो. पर पुसायच्या आदी एकडाव बगा."

त्यानं मागचा पडदा तिच्याकडं वळवला. गंगूनं बघायचं नाही म्हणून मान फिरवली, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, मग कॅमेरा दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ नेला.

"ही कुटं घावली तुमाला?" तिनं विचारलं.

चंद्रकांतला कळेना. "कोन?"

"माजी आय." गंगूनं पडद्यावर बोट टेकवलं. "ही माजी आय हाय. ती अशीच हसायची, मान टाकून. ती गेली तवा मी ल्हान व्हते, बा गेला तवा पल्लवी व्हती तिच्याहून बी ल्हान. तिचं त्वांड मला आटवत नव्हतं. लई आटवलं, न्हाई आलं."

तिच्या घरात केस विंचरायला तळहाताएवढा आरसा होता. त्यात एका वेळी कपाळ दिसायचं नाहीतर हनुवटी. आपलं हसणारं अख्खं तोंड गंगूनं आयुष्यात बघितलं नव्हतं. हळूहळू तिला मागची भिंत ओळखू आली, कोंबडी ओळखू आली, अंगावरचं लुगडं ओळखू आलं. तिनं कॅमेरा मांडीवर ठेवला आणि पदरात तोंड घालून रडली. चंद्रकांत समोरच बसला होता, तरी रडली.

मग तिनं नाक पुसलं आणि एकदम ठरवून टाकल्यासारखी म्हणाली, "ह्यो पुसू नगा. पर माज्या पोरीला नुसतं चोरीचं न्यायाचं न्हाई. म्या समोर बसून देते. त्यो आपला धुराचा कुटं हाय?"

"गंगूताई, तुमी म्हनता फोटूत घावलं की म्हयन्यात..."

"जाईन तर जाईन," गंगू म्हणाली. "माज्या आयचं त्वांड ऱ्हायलं न्हाई. पोरीकडं माजं ऱ्हाऊ दे."

कुणाला हे वेडगळ वाटेल, पण तिचा त्यावर पक्का विश्वास होता. ती मरण पत्करून फोटोला बसत होती, आणि चंद्रकांतला हे नीट समजत होतं. त्यानं पिशवीतून जुना कॅमेरा काढला. गंगू चुलीपाशी जाऊन बसली, थेट त्या ताटीखाली. घरात उजेड असा नव्हताच, दारातून येईल तेवढाच. नव्या कॅमेऱ्यात तिथं नुसता रवा आला असता. चंद्रकांतनं गळ्यातला पट्टा काढून बाजूला ठेवला, अडीच किलो उचलले आणि पाच पावलांवर गुडघा टेकला. मानेतून कळ गेली. काचेतून गंगू दिसत होती, खरीखुरी. तिनं स्वतःच पदर डोक्यावर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि डोळे सताड उघडे ठेवून सरळ त्याच्याकडं बघितलं.

"पल्लवीला काय सांगायचं असंल तर सांगा," चंद्रकांत म्हणाला.

गंगूचा चेहरा निवला. खटॅक.

"झालं?"

"झालं."

गंगू दोन-तीन श्वास तशीच बसून राहिली, काही होतंय का बघत. मग म्हणाली, "चुलीत लाकूड सारते. भाकरी खाऊनच जावा."

*

शनिवारी पल्लवीनं दोन्ही फोटो नेले. हसरा बघून ती खिदळली. चुलीपुढचा हातात घेतला आणि बोटानं आईच्या कपाळावरचं गोंदण तेवढं पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. जाताना तिनं जुन्या कॅमेऱ्याला हात लावून नमस्कार केला. चंद्रकांतनं नव्यालाही करायला लावला. त्याच्याशिवाय हे झालं नसतं, आणि उपकार प्लॅस्टिकचे असले तरी उपकारच.

चंद्रकांतचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी तो दिवस मोजत होता. शारदानं कॅलेंडरवरच्या खुणा बघितल्या. एकतिसाव्या दिवशी सकाळी ती आपणहून म्हणाली, "जाऊन या. मी तिच्यासाठी लाडू केलेत."

टेकाडावर पोचल्यावर त्यानं लांबूनच बघितलं. अंगण मोकळं होतं, दार लावलेलं होतं, चुलीचा धूर नव्हता. दोन्ही कॅमेरे पिशवीत होते, पण नवा काढून बघायचं चंद्रकांतच्या मनातही आलं नाही. पट्टा सावरत, धापा टाकत तो ओढ्यातून पलीकडं गेला, अंगणात उभा राहिला आणि हाक मारली. कोंबडीशिवाय कुणी ओ दिली नाही.

"काय वो दादा," मागून आवाज आला. "जित्ती हाय का बगाया आलात?"

गंगू पायवाटेवर उभी होती, डोक्यावर सरपणाची मोळी. ती मान मागं टाकून हसायला गेली आणि मोळी पडता पडता राहिली. चंद्रकांत पुढं झाला आणि वयानं मोठा असून तिच्या पाया पडला. गंगू मोळीसकट दोन पावलं मागं सरली. "आवो, काय येड लागलंय का!"

मोळी उतरवून तिनं दार उघडलं, पाणी दिलं. मग दारातच घुटमळत म्हणाली, "पल्लवीचा फोन आला व्हता. शेजारच्या शेवंताच्या पोरानं टेकाडावर नेऊन बोलाय दिलं. म्हनती, आय, तुजा फोटू हाय, मामाचाच न्हाई." गंगूनं पदर डोक्यावर सारखा केला. "मी भाऊ म्हनते तुमाला, आनि आपला दोगांचा एक न्हाई. काढा की."

चंद्रकांतनं अंगणातल्या उखळावर सूप उपडं घातलं, त्यावर धुराचा कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि पळत येऊन गंगूशेजारी उभा राहिला. कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा उघडझाप करू लागला.

"डोळं मिटू नका," तो म्हणाला.

"मिटत न्हाई," गंगू म्हणाली. "तुमीच रडताय. पुसा आदी."